काप कुठून गेला?

तायडे सर वखारीत शिरले की मी आधी त्यांच्या शर्टाच्या खिशाकडे बघायचे. खिसा फुगलेला असला तर आत लिंबू असणार, आणि लिंबू असलं तर माझ्या कुठल्या तरी फरशीचं पॉलिश जाणार.

खामगावात शेगाव रस्त्याला आमची फरशीची वखार आहे. नवरा माल आणायला राजस्थान, आंध्र असा फिरतो. गिऱ्हाईक, मशीन आणि उधारीवाल्यांशी भांडणं हा माझा विभाग. तायडे सर कॉलेजात भूगोल शिकवायचे. पगार भूगोलाचा, जीव मात्र दगडात. बुटके, जरा पुढे झुकलेले, पँटच्या गुडघ्यांवर कायम दगडाची भुकटी. गळ्यात एक भिंग, आणि ते भिंग परकराच्या नाडीत ओवलेलं. दोरी तुटली तेव्हा घरात जे हाताला लागलं ते बांधलं, असं त्यांच्या बायकोनं मला सांगितलं होतं. "माही नाडी गळ्यात घालून कॉलेजात जातात. मी कोणाले तोंड दाखवू?" ती म्हणायची, पण नाडी मळली की बदलूनही तीच द्यायची.

पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, घर बांधताहेत. अर्धा दिवस उकिडवे बसून एकेक फरशी बघितली, काही घेतलं नाही, आणि जाताना म्हणाले, "ताई, उद्या येऊ का?"

"काय पाहिजे तुम्हाला नक्की?"

"मले काई नाई पाह्यजे. पाहू द्या फक्त." मग त्यांना वाटलं असावं की एवढ्यावर ही बाई ऐकायची नाही. "आपलं वऱ्हाड म्हंजे सारा काळा दगड. आगीतून आलेला. त्यात जीव कसा राहीन? जुने जीव पाहाचे तर समुद्राच्या तळाचा दगड पाह्यजे. थो तुमच्या ट्रकनं येते. मी रेल्वेची तिकिटं काढत फिरण्यापेक्षा हे बरं."

लिंबाचं कारणही तेच. चुन्याच्या दगडावर लिंबाचा रस पडला की बारीक फेस येतो, आणि शिंपल्यातले जीव सापडायचे तर बहुतेक असल्याच दगडात. पण त्याच रसानं पॉलिशवर पांढरा डाग पडतो, आणि डागाची फरशी कोणी घेत नाही. शेवटी मी नियम केला: लिंबू फक्त कोपऱ्यातल्या तुकड्यांवर. सरांनी नियम पाळला. म्हणजे मी बघत असले की पाळला.

मशीनवर आमचे रफिकभाई असायचे. कापताना ब्लेडवर पाणी सोडावं लागतं, ते वाहून जमिनीवर येतं. सर त्या पाण्यात ओंजळ बुडवून दगडावर मारायचे. "कोरडा दगड मुका असते," म्हणायचे. ओला झाला की त्यातले रंग, रेघा वर येतात, हे खरंच आहे. मग भिंग डोळ्याला लावून नाक दगडाला टेकेपर्यंत वाकायचे. एकदा रफिकभाई मला म्हणाले, "भाभी, सर नमाज पढून राह्यले का काय?"

"पढू द्या," मी म्हटलं. "गिऱ्हाईक आलं की उठवा."

गिऱ्हाईक आलं की उठवणं गरजेचं होतं, कारण सरांना खोटं बोलता यायचं नाही आणि गप्पही बसता यायचं नाही. गावातले एक डॉक्टर बंगल्यासाठी फरशी बघायला आले होते. एका पाटीवर नेच्याच्या पानासारखी सुंदर काळी नक्षी होती. डॉक्टर खूश. "हे तर फॉसिल आहे! दिवाणखान्यात भिंतीला लावतो. किती जास्त घ्यायचे ते घ्या." मी भाव सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आवाज आला, "पान नाई थे, डॉक्टरसाहेब. फटीत पाणी शिरलं, पाण्यासंगं खनिज शिरलं, आन त्याचे असे फाटे फुटले. खिडकीवर दव गोठल्यावानी. जीव नव्हता त्यात."

डॉक्टर साधी फरशी घेऊन गेले. ते गेल्यावर मी सरांकडे बघितलं.

"पान असतं," सर म्हणाले, "तर मी सोताहून दुप्पट भाव सांगतला असता."

रागावून उपयोग नसायचा. दुसऱ्या दिवशी बायकोनं दिलेली मेथीची वडी घेऊन यायचे आणि मशीनजवळ रफिकभाईंबरोबर खात बसायचे.

शिकवताना ते भाज्या न्यायचे. माझी पुतणी त्यांच्या वर्गात होती, तिनं सांगितलेलं. टेबलावर भेंडी, काकडी, कांदा आणि विळी. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल. उभी कापली की बियांची रांग. तिरपी कापली की तिसरंच काहीतरी. "भेंडी एकच," ते म्हणायचे, "चित्रं तीन. दगडातबी चित्र नसते, काप असते. आधी इचारा, काप कुठून गेला." पोरं हसायची, पण भेंडी कोणी विसरलं नाही. घरी त्यांच्या बायकोचं वेगळंच: "सकाळी आख्खी भाजी जाते, संध्याकाळी कापलेली परत येते. माह्यं काम वाचते, पण भेंडी वाळून जाते त्याचं काय?"

कापाचं हे वाक्य ते सगळ्यालाच लावायचे. कोणी कोणाबद्दल वाईट सांगितलं, की सर मान तिरकी करायचे. "काप कुठून गेला ते पाह्यलं का?" सांगणारा चिडायचा.

ती वर्षं कापसाची होती. नवं बियाणं आलं, सगळीकडे बीटी बीटी झालं. सुरुवातीला बोंडं भरली, आणि आमच्या धंद्यापुरतं सांगायचं तर खेड्याखेड्यातून ओट्यांच्या ऑर्डरी आल्या. बायकांना उभ्यानं स्वयंपाक करायचा होता. माप घेऊन यायच्या, काळ्या कडप्प्यावर हात फिरवायच्या. मग पाऊस ओढ देऊ लागला, कापसाची पऱ्हाटी लाल पडून जागच्या जागी वाळायला लागली, अळी आली. ऑर्डरी थांबल्या. ओट्यांऐवजी देवळाच्या पायरीला बसवायच्या 'स्मरणार्थ'च्या पाट्या कापाव्या लागल्या, आणि त्यांवरची वयं फार कमी असायची. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही. एवढंच, की अशी पाटी मशीनवर असली की सर भिंग खिशात घालून बाहेर जाऊन उभे राहायचे.

त्याच काळातली पिंपळगाव राजा या गावची गोष्ट.

तिथल्या गजूची बायको सुनीता, बऱ्या वर्षात माझ्याकडे ओट्याचा दगड निवडायला आली होती. सोबत सासू. सासू कडप्प्यापाशी उभी आणि सून राजस्थानच्या पिवळ्या दगडापाशी. "काळ्यावर काळं झुरळ दिसत नाई आत्या, पिवळ्यावर दिसन," सुनीता म्हणाली. मला मुद्दा पटला. लिंबू सांडू नको एवढं सांगून मी पिवळा दिला.

पुढच्या पावसाळ्यानंतर सासूबाई सुनेशिवाय आल्या. गजू मागे, खाली मान घालून. बाई आल्या आल्या म्हणाल्या, "तुमी मले नाग इकला."

पॉलिश झिजत आलं, दगड रोज ओला व्हायला लागला, तसं ओट्यात मधोमध काहीतरी दिसायला लागलं होतं. हातभर लांब नाही, वीतभर. पण अंगावर एकामागे एक वळ्या, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला निमुळतं. आधी पऱ्हाटी लाल पडली. मग म्हैस गेली. मग कोणीतरी शेजारीण ओट्याकडे बोट करून म्हणाली, अगं, हा तर साप. आणि दगड कोणी निवडला? सुनेनं. सुनीताची रवानगी माहेरी, लोणारकडच्या बीबी गावाला, झालेली होती. स्वयंपाक पुन्हा भुईवर, चुलीवर सुरू होता.

"तिचा पाय पांढरा," बाई म्हणाल्या. गजूला बोलायचं होतं हे दिसत होतं, पण आईसमोर त्याचा आवाज निघायचा नाही.

मी म्हटलं, बघून घेऊ. आणि सरांना जीपमध्ये घालून घेऊन गेले. सर असल्या कामाला योग्य माणूस असं मला वाटलं होतं.

ओट्यावर गोणपाट टाकलेलं, वर हळदकुंकू. म्हणजे बाईंनी दोन्ही बाजू सांभाळल्या होत्या. साप असला तर त्याची पूजाही चालू. सरांनी गोणपाट काढलं, लोटीभर पाणी मारलं आणि वाकले. बराच वेळ उठलेच नाहीत. गजू माझ्याकडे बघायला लागला. उठले तेव्हा चेहरा असा, जसं कोणाच्या घरी पाळण्यात डोकावून आले आहेत.

"साप नाई," ते म्हणाले.

बाईंनी श्वास सोडला. सर तिथे थांबले असते तर हे व्यक्तिचित्र इथेच संपलं असतं.

"मंग काय हाये?" बाईंनी विचारलं.

"जीव आहे, बाई! समुद्रातला जीव. शिंपल्यात राहाचा. मेला, चिखलात रुतला, त्याचा दगड झाला. इतका आख्खा मी आजलोग पाह्यला नाई!"

बाईंनी पदर तोंडाला लावला. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडं शिजत नाही. "मेला? म्हंजे मढं? माह्या ओट्यात मढं हाये?" आवाज चढला. "आन मी त्याच्यावर देवाचा निवद थापला! सापापरीस वंगाळ झालं हे. गजू, सब्बल आन, उखड हे. सर, तुमी घेऊन जा हा दगड, फुकट न्या, आत्ताच न्या."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. त्या जागी काळा कडप्पा मी बसवून दिला असता, सरांना त्यांचा जीव मिळाला असता, बाईंचं घर शुद्ध. यापेक्षा सोपा निकाल कोणता? आणि सरांना तो दगड किती हवा होता ते मला दिसत होतं. त्यांचा हात अजून त्याच्यावर होता. इतकी वर्षं माझ्या वखारीत त्यांनी काय बघितलं होतं? एखाद्या शिंपल्याची कड, अर्धं वेटोळं, कापात चुकून आलेला ठिपका. हा टोकापासून तोंडापर्यंत अख्खा.

त्यांनी हात काढला. "सब्बल नको," ते म्हणाले. "बाई, मले आठ दिवस द्या. हा जीव कोणता थे नेमकं पाहातो. आन सुनबाईले बोलवा. दगड तिनं निवडला, तिच्यासमोरच सांगीन."

गजूला तेवढं निमित्त पुरलं. आम्ही जीपमध्ये बसेपर्यंत तो एसटीची वेळ विचारायला निघालासुद्धा.

रस्त्यात मी सरांना बोलले. "साप नाही, एवढंच सांगायचं होतं. आणि वर आयता मिळत होता दगड, तो का नाही घेतला?"

ते बाहेर बघत होते. दोन्ही बाजूंना लाल पडलेली पऱ्हाटी. "ताई, दगड काढला की सापच खरा ठरते. मंग थे पोट्टी कोणत्या तोंडानं परत येईन? उद्या दुसरी म्हैस मेली तर?" मग म्हणाले, "दगड तठीच राह्यला पाह्यजे." हे शेवटचं वाक्य त्यांना जड गेलं.

पण तो जीव कोणता, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. साधं वेटोळं असतं तर कोणीही ओळखलं असतं. इथे मधोमध एक पिळलेला दांडा, आणि दांड्याच्या दोन्ही अंगांना कप्पे. डावीकडचा एक, मग जरा वर उजवीकडचा, मग पुन्हा डावीकडचा, लहान लहान होत टोकापर्यंत. सरांनी त्याचं चित्र पातळ कागदावर उतरवून घेतलं होतं. पुढचे दिवस ते कागद घेऊन वखारीत बसले. दुधी उभा कापून झाला, सरकी कापून झाली, रफिकभाईंच्या डब्यातली मिरची कापून झाली.

"सर, जेवू द्या बे आता," रफिकभाई म्हणाले आणि लगेच जीभ चावली. सरांना ऐकूच गेलं नव्हतं.

मग एका दुपारी ते शेगावहून आले. पाहुण्यांना गाडीवर सोडायला स्टेशनला गेले होते, आणि येताना देवळाबाहेरच्या दुकानांवरून चालत आले होते. पिशवीतून त्यांनी शंख काढला.

"उभा कापा," ते रफिकभाईंना म्हणाले.

रफिकभाईंनी मशीन बंद केलं. "सर, काहीबी कापतो. हे नाई. उद्या गावात लोक म्हणतीन, रफिकनं शंख कापला. मले इथंच राहाचं हाये."

"अरे, तोंडाशी फुटलेला आहे. पूजेत चालत नाई. दुकानदारानं कोपऱ्यात टाकला होता, म्हणून तर आणला."

"फुटलेला हे तुमाले माहीत. लोकायले काय माहीत?"

त्यांचं बरोबर होतं. मी पदर खोचला, चष्मा लावला, शंख लाकडी ठोकळ्यांत पक्का अडकवला आणि पाणी सोडून मीच कापला. शंख कडक असतो; ब्लेड ओरडत होतं. दोन भाग झाले तेव्हा रफिकभाईसुद्धा जवळ आले. आत मधोमध पिळलेला दांडा. दोन्ही अंगांना कप्पे. डावा, उजवा, डावा.

सरांनी कागद शेजारी धरला. जात वेगळी, आकार वेगळा, पण घडण तीच. "काप बरोबर मधातून गेला," ते म्हणाले. "टोकापासून तोंडापर्यंत. हजारात एखादा असा जात असन." आणि तिथेच, ओल्या जमिनीवर बसले.

पिंपळगावला दुसऱ्यांदा गेलो तेव्हा सुनीता दारात उभी होती. आत येऊ का नको अशी, स्वतःच्याच घरात. सासूबाई चुलीपाशी. सरांनी ओटा ओला केला, पिशवीतून अर्धा शंख काढून दगडातल्या खुणेशेजारी ठेवला.

बाईंनी आधी हात जोडले, मग कापलेला दिसला. "कोनं कापला?"

"मी," मी म्हटलं. "फुटका होता. पूजेतला नव्हता."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी बाईमाणूस होते आणि शंख फुटका होता, एवढ्यावर भागलं. मधल्या वेळात सुनीता आत आली होती. ओट्यावर वाकली, एक बोट शंखाच्या कप्प्यांवरून, दुसरं दगडातल्या कप्प्यांवरून, दोन्ही बरोबरच वर नेली.

"आत्या, पाहा नं. हे थेच आहे."

"बाई," सर म्हणाले, "तुमच्या देव्हाऱ्यात शंख आहे?"

"हाये. माह्या सासूचा."

"त्यात कोण राहाचं?"

बाईंनी देव्हाऱ्याकडे बघितलं.

"झाडाले लागला होता का थो? समुद्रातला जीवच राहाचा नं त्यात? मेल्यावरच आपल्या हाती आला."

"आसन." मग जरा फणकाऱ्यानं, "पर थो देवाचा हाये. देवानं हातात घेतला."

"मी कोठी नाई म्हणतो? मी एवढंच सांगतो, हा त्याचाच भाऊबंद. लय जुना. आपण कोणीच नव्हतो तवाचा. तुमच्या सुनेनं हजारात एक दगड उचलला, आन त्यात साप नव्हता, शंख होता."

मला वाटतं, सरांनी आयुष्यात एखाद्या गोष्टीसाठी इतका आटापिटा केला नसेल. एक शब्द खोटा नव्हता, तरी घाम फुटला होता. देवाचा आहे असं त्यांनी म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही.

बाई उठल्या. पदरानं हात पुसून त्यांनी दगडावर बोट ठेवलं, कपाळाला लावलं. मग निकाल दिला: "मंग ह्याच्यावर कांदा-लसून कापाचा नाई. तिकडं, कडेले कापाचा."

"बरं आत्या," सुनीता म्हणाली.

"आन उभी काय राह्यली? सरायले चहा ठेव. ओट्यावर ठेव, चुलीवर नको."

गजू उगाचच बाहेर जाऊन बैलांना चारा टाकून आला. चहा झाला तेव्हा सर ओट्याशीच उभे राहून प्यायले. कप खाली ठेवताना जागा बघून, खुणेपासून लांब ठेवला. निघताना खिशातला रुमाल काढून दगड कोरडा पुसला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, आणि एकदाही मागे न बघता जीपमध्ये येऊन बसले.

पऱ्हाटी त्या वर्षी सुधारली नाही. पुढच्या वर्षी त्यांनी सोयाबीन पेरलं, बरंच म्हणायचं. म्हैस दुसरी आली. तिचं श्रेय बाईंनी कोणाला दिलं मला माहीत नाही, पण दोष तरी कोणाला दिला नाही.

सर निवृत्त झाले, आणि नंतर बायको गेल्यावर मुलीकडे नाशिकला राहायला निघाले. डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. निघायच्या आदल्या दिवशी वखारीत आले आणि म्हणाले, "ताई, जीप मोकळी आहे का? पिंपळगावले जाऊन येऊ." मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

सुनीता पोळ्या करत होती. ओट्यावरच, पोळपाटाशिवाय लाटायची तिची सवय. वापरानं त्या दगडातल्या कप्प्यांच्या कडा झिजून किंचित खोलगट झाल्या होत्या आणि त्यांत पीठ बसलं होतं. अख्खा जीव टोकापर्यंत पांढरा उमटला होता. सर वाकले. दिसेना, म्हणून बोटानं चाचपत टोकाकडे निघाले, एकेक कप्पा करत. तव्यावरची पोळी उलटायची वेळ झाली होती.

"सर, सरका जरासे," सुनीता म्हणाली.

ते सरकले नाहीत. त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. तिनं हात लांब करून पोळी उलटली, नवा गोळा घेतला, आणि त्यांच्या बोटाला वळसा घालून लाटायला लागली.